देशी तट्टासाठी ट्रीलेस खोगीर: पाठीला सुखाचं कसं निवडावं?

म्हादईकाठ | ४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात राहतो, वाळपईच्या पुढे. घरचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे, गायी आहेत, आणि दोन वर्षांपासून एक घोडी आहे. गौळण तिचं नाव. साताऱ्याकडून आणलेली, तांबूस, कपाळावर छोटा टिकला, उंची ५० इंच. स्वभावाने इतकी गरीब की शेजारची पोरं तिच्या पोटाखालून पलीकडे जातात. माझी मुलगी अकरा वर्षांची, ती तिच्यावर बसते. कधीकधी मीही बसते.

अडचण जीनाची आहे. गोवा सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून आम्ही वापरलेलं इंग्लिश पद्धतीचं जीन घेतलं. चामडं छान होतं, भाव परवडला, आणि त्या वेळी जीन म्हणजे जीन एवढंच कळत होतं. आता असं झालंय की तंग, म्हणजे जिनाचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की गौळण कान मागे टाकते, मान वळवून चावायला येते. फिरून आल्यावर पाठ घामाने भिजलेली असते, पण खवाट्यांच्या, म्हणजे खांद्याच्या रुंद हाडांच्या, मागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा अगदी कोरडी. चवथीनंतर पाऊस उघडला तसा तिला नीट खरारा करायला बसले, तर त्याच दोन जागी पांढरे केस उगवलेले दिसले. ते पाहून पोटात कालवलं. दोन वर्षं आपण हिला दुखवत होतो आणि ही मुकाट चालत होती.

ट्रीलेस खोगिरांबद्दल बरंच वाचलं. आत सांगाडा नसतो, त्यामुळे कुठल्याही घोड्याला बसतं, असं बहुतेक ठिकाणी लिहिलंय. हे खरं आहे का? आपल्या देशी तट्टांवर कोणी वापरलंय का? गोव्याच्या हवेत ते टिकतं का? लांबून मागवायचं तर मापं कोणती द्यायची?

---

सातारी_पागा | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

ताई, आधी ते जीन खुंटीला टांगा आणि परत काढू नका. बैलाचा खांदा येतो तशी घोड्याची पाठ लागते. कातडीवर सतत दाब राहिला की केसांच्या मुळांना इजा होते आणि तिथे पांढरे केस येतात, ते सहसा पुन्हा मूळ रंगाचे होत नाहीत. कोरडी जागा म्हणजे एकतर तिथे इतका दाब आहे की घाम फुटत नाही, किंवा जीन तिथे टेकतच नाही. पांढरे केस त्याच जागी आलेत म्हणजे तुमच्याकडे पहिलंच कारण. चावते ते दुखतं म्हणून चावते.

मी नऊ वर्षं ट्रीलेस वापरतोय, तीन तट्टांवर. त्यातलं एक भीमथडी, म्हणजे भीमेकाठच्या जुन्या जातीच्या वळणाचं, छोटं पण चिवट. मला यात परदेशी काही वाटत नाही. आपलं जुनं खोगीर म्हणजे तरी काय होतं? भरलेली गादीच. कापडी चारजाम्यालाही लाकडी सांगाडा नसे. पाठीवर आधी नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला जाड थर, त्यावर खोगीर, मग तंग आणि दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा. इंग्रजीत जिनाखालच्या गादीला नम्ना म्हणतात, तो शब्द आपल्या नमद्यावरूनच तिकडे गेला. आजही मी नमदा नसेल तेव्हा धनगरी घोंगडी चौपदरी घालून चालवतो. घाम पिते, सरकत नाही आणि तापत नाही.

सांगाड्याच्या जिनात काय असतं तेही सांगतो, कारण ते कळल्याशिवाय ट्रीलेस कळत नाही. आत लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा फायबरग्लासचा साचा असतो. त्याच्या दोन पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकतात, पुढे कमान असते आणि मधली जागा कण्यावर पोकळ राहते. बसणाऱ्याचं वजन त्या दोन पट्ट्यांवरून लांबवर पसरतं. साचा घोड्याच्या पाठीच्या आकाराचा असेल तर ही व्यवस्था उत्तम. अरुंद असेल तर चिमट्यासारखी धरते, रुंद असेल तर पुढे खाली बसून कण्यावर टेकते. आणि घोड्याची पाठ काही बारा महिने एकसारखी नसते. पावसाळ्यात हिरवं खाऊन सुटते, उन्हाळ्यात उतरते. तुमच्या गौळणीवर तो साचा अरुंद आहे.

---

कुळागर | ५ ऑक्टोबर, दुपारी १.०५

फक्त हवेबद्दल लिहितो. केपे तालुक्यात राहतो, जून ते सप्टेंबर चामड्यावर बुरशी ठरलेली. दर आठवड्याला पुसलं, तेल लावलं तरी शिवणीच्या दोऱ्याखाली हिरवट थर येतोच, आणि दोरा कुजतो. पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा दोऱ्यावर तुटला आणि भाचा खाली आला, सुदैवाने चिखलात. तेव्हापासून सिंथेटिक वापरतो. पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात माळ्यावर, चुलीच्या धगीपासून लांब पण कोरड्या जागी टांगा.

---

पशुवैद्य_फोंडा | ५ ऑक्टोबर, रात्री १०.३०

"कुठल्याही घोड्याला बसतं" हे वाक्य मी फार जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यानंतर त्यांच्या घोड्यांच्या पाठी तपासल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रीलेस आवडणारे बरेच लोक युरोपातले आहेत आणि त्यांची देशी तट्टं म्हणजे शेटलंड, एक्समूर, फेल, वेल्श. ही तट्टं पिंपासारखी गोल असतात. खांद्यावरचा उंचवटा जवळजवळ नसतो, कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस इतकं की मधे उलट खाच दिसते. अशा पाठीवर सांगाड्याचं जीन पुढे घसरतं, एका बाजूला फिरतं, आणि मोठ्या रुंदीचा साचा मिळणंही कठीण जातं. तिथे ट्रीलेस खरंच सोयीचं पडतं, कारण कणा आपोआप मांसात लपलेला असतो.

आपलं दख्खनी तट्टू तसं नाही. छाती अरुंद, फासळ्या चपट्या, पाठ घराच्या कौलारू छपरासारखी, आणि पुष्कळदा कण्याची धार हाताला लागते. आढ्यावर गादी टाकून कोणी बसलं तर वजन कुठे जाईल? आढ्यावरच. सांगाडा काढून टाकला की कण्यावरची पोकळीही गेली, हे विसरता कामा नये. ती पोकळी खालच्या गादीने, म्हणजे पॅडने, परत तयार करावी लागते. आपल्या तट्टांसाठी ट्रीलेस निवडताना खोगिरापेक्षा पॅडवर जास्त विचार करावा, पैसेही तिकडे जास्त घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

पॅडच्या मधोमध पुढून मागेपर्यंत पन्हळ हवी, किमान तीन ते चार बोटं रुंद. दोन्ही बाजूंना घट्ट लोकरीच्या किंवा चांगल्या फोमच्या पट्ट्या. फोम तपासायला सोपी युक्ती: अंगठा आणि तर्जनीत धरून जोरात दाबा. बोटं एकमेकांना लागल्यासारखी वाटली तर तो फोम माणूस बसल्यावर चपटा होणार.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या हिलरी क्लेटन आणि सहकाऱ्यांचा २०१२ सालचा अभ्यास आहे. सांगाड्याचं आणि बिनसांगाड्याचं जीन घालून, स्वार दुडक्या चालीत बसून राहिला असताना, खाली दाबमापक पट घालून मोजलं. ट्रीलेसखाली दाब मधल्या भागात, स्वाराच्या बैठकीखाली, गोळा झाला. सांगाड्याने तोच भार जास्त जागेवर पसरला. सरासरी दाब ११ किलोपास्कलच्या वर राहिला तर पाठ दुखण्याची शक्यता वाढते, असं यातले लोक मानतात. यावरून ट्रीलेस वाईट असं मी म्हणणार नाही. हलका स्वार, चांगलं पॅड, थोडा वेळ फेरी, एवढं जुळलं तर ते उत्तम काम देतं. न बसणाऱ्या सांगाड्यापेक्षा तर शंभर पटींनी बरं.

दुसरं, लांबी. घोड्याला फासळ्यांच्या अठरा जोड्या असतात. जीन कुठलंही असो, शेवटच्या फासळीच्या मागे जाता कामा नये, कारण त्यामागे कण्याला खालून आधार नाही. ५० इंची घोडीच्या पाठीवर मोठ्या माणसाच्या मापाचं इंग्लिश जीन मागे लटकत असणार. आपल्याकडे छोट्या तट्टांवर हा दोष सर्रास दिसतो आणि अरुंद कमानीइतकंच नुकसान करतो.

ताई, नवीन काही घेण्याआधी घोडीची पाठ बरी होऊ द्या. निदान सहा आठवडे कोणी बसू नका. हातात धरून चढावर चालवा. गाजर दाखवून मान दोन्ही बाजूंना आणि पुढच्या पायांमधे खाली न्यायला लावा, पाठीचे स्नायू भरतात. आणि मला तिचं वजन कळवा. छातीचा घेर, कोपराच्या मागून, सेंटिमीटरमधे. तोच आकडा पुन्हा त्यानेच गुणायचा, मग खांद्याच्या टोकापासून मागे ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११८८० ने भागायचं.

---

म्हादईकाठ | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२०

डॉक्टर, शिवणाच्या टेपने दोनदा मापलं. घेर १४०, लांबी १३२. हिशेब केला तर २१८ किलो आले. मला ती तीनशेच्या आसपास वाटत होती.

मुलगी ३४ किलोची, मी ५८ ची.

---

पशुवैद्य_फोंडा | ७ ऑक्टोबर, रात्री ९.५०

घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत भार, जीन धरून, असा जुना ठोकताळा आहे. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००८ मधे हे पारखून पाहिलं. १५ आणि २० टक्के भाराला घोडे नीट होते. २५ आणि ३० टक्क्यांना नाडीचा वेग, स्नायूंचा ताठरपणा आणि दुखणं वाढलेलं दिसलं. तुमच्या घोडीचे २० टक्के म्हणजे ४३ किलो आणि वर थोडं. मुलगी ३४, खोगीर आणि पॅड सहा-सात किलो. बसतंय, पण काठावर. तुम्ही मात्र तिच्यावर बसू नये, कुठलंही खोगीर आणलं तरी. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण सांगणं भाग आहे.

---

रानवाट | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.००

डॉक्टरांचा मान राखून विचारतो. ओझ्याच्या जनावरांचे १९६५ चे केंद्रीय नियम आहेत ना, त्यात तट्टाला ७० किलो चालतात असं वाचलंय. गाढवाला ५०, खेचराला २००. मग ५८ किलोच्या बाईला मनाई का?

---

पशुवैद्य_फोंडा | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

आकडे बरोबर आहेत. पण ती ओझ्याची कमाल मर्यादा आहे, कायद्याने शिक्षा कुठे सुरू होते ती रेषा. सगळी तट्टं एका मापात घातली आहेत, त्यात २१८ किलोची घोडी आणि ३०० किलोचं तट्टू दोन्ही आले. शिवाय पोती दोन्ही बाजूंना फासळ्यांवर लटकतात आणि हलत नाहीत. माणूस मधोमध बसतो, दुडक्या चालीत दर पावलाला वर जाऊन खाली येतो. त्याच नियमांत असंही आहे की पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जनावर कामाला लावू नये, आणि दिवसात नऊ तासांहून जास्त काम नको. ते कोणी आठवणीने सांगत नाही, म्हणून मी सांगून ठेवतो.

---

म्हादईकाठ | ८ ऑक्टोबर, रात्री ९.१०

रानवाटदादा, तुम्ही माझी बाजू घेतलीत त्याबद्दल मनापासून आभार. पण डॉक्टरांचं पटलं. गेल्या पावसाळ्याआधी मी तिच्यावर बसून सत्तरीतल्याच ठाणे गावापर्यंत गेले होते, जाऊन येऊन दोन तास. परतीच्या चढावर ती दोनदा थांबली होती. मला वाटलं चरायचं असेल. आता मी बसणार नाही. जे घ्यायचं ते फक्त मुलीसाठी.

---

चामड्याचा_माणूस | १० ऑक्टोबर, रात्री ११.२०

मी घोड्यांच्या सामानाच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, कानपूरला जाणंयेणं होतं. कानपूरच्या जिनांना भौगोलिक मानांकन आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथून जगभर माल जातो, त्यात ट्रीलेसही असतं.

खरेदीबद्दल. ट्रीलेस या एका नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. काही म्हणजे रिकिबी लावलेली नुसती गादी, हिला बेअरबॅक पॅड म्हणतात. तिच्यावर रिकिबीत पाय घालून बसू नये, कारण सगळा भार कण्यावरून जाणाऱ्या एका पट्ट्यावर येतो. काही जिनांत पुढे कडक कमान असते आणि मागे मऊ. यातही फरक आहे. जर्मनीच्या बेअरफूटसारख्या बनावटीत पुढची कमान बदलता येते, वेगवेगळ्या रुंदीच्या मिळतात. इंग्लंडचं फ्रीफॉर्म वेगळ्या रचनेचं, त्यात बैठकीचा भाग खालच्या भागावर पुढेमागे सरकवून लावता येतो. अमेरिकेत बॉब मार्शल नावाचं वेस्टर्न पद्धतीचं ट्रीलेस फार वर्षांपासून आहे, पण ते मोठ्या घोड्यांना बरं, ५० इंचीला त्याचा पसारा जास्त होईल.

स्वस्त नकलांमधे पुढची कमान न बदलणारी आणि अरुंद फायबरची असते. बाहेरून सगळं मऊ दिसतं. हातात घेऊन पुढचा भाग दोन्ही हातांनी फाकवून बघा. जराही उघडत नसेल तर ते न बसणारं सांगाड्याचंच जीन आहे, अर्धं कापलेलं. लांबून मागवणार असाल तर तोच भाग फाकवताना छोटा व्हिडिओ मागा. देणारा टाळत असेल तर घेऊ नका.

मापासाठी इंजिनिअरिंगच्या मुलांकडे लवचीक कर्व्ह पट्टी असते ती घ्या. नसेल तर घरातली जाड विजेची वायर चालते. तीन ठिकाणी पाठीवर आडवी दाबून आकार घ्या: खवाट्याच्या मागे चार बोटं, पाठीच्या सर्वांत खोल जागी, आणि शेवटच्या फासळीवर. पुठ्ठ्यावर आकार उतरवा, कापा, तारीख घाला. दर तीन महिन्यांनी हेच करा. घोडीची पाठ कशी बदलते ते तुमच्याजवळ लिहून राहील.

---

घोडेमोडणी | ११ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

मी डिचोलीचा. खरा घोडा कधी पाळला नाही, पण शिगम्यात घोडेमोडणी नाचतो, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटली. लाकडी घोडा कमरेला बांधून तासन्‌तास नाचायचं असतं. पहिल्या वर्षी बांधणी कमरेच्या हाडावर आली. रात्री घरी आलो तर दोन्ही बाजूंना सालटी गेलेली. दुसऱ्या वर्षी जाणत्या माणसाने आधी सुती कापडाचे दोन जाड पट्टे हाडाच्या खाली आणि वर गुंडाळले, हाड मोकळं ठेवलं, आणि मग घोडा बांधला. वजन तेच, पण रात्रभर काही झालं नाही. डॉक्टरांनी पन्हळीचं लिहिलंय ते वाचताना मला माझी कंबर आठवली.

---

सातारी_पागा | ११ ऑक्टोबर, रात्री ८.१५

घोडेमोडणीदादा, फार नेमकं सांगितलंत. मी इतकी वर्षं घोंगडी चौपदरी घालतोय, ती मधोमधही तेवढीच जाड असते. माझी तिन्ही तट्टं भरलेली आहेत म्हणून निभावलं असणार. भीमथडीवाल्याच्या कण्यावर हात फिरवून आलो. खरारा करताना एका जागी तो पाठ खाली घेतो. उद्यापासून घोंगडीच्या दोन वेगळ्या घड्या करून मधे जागा सोडतो.

---

शिवारफेरी | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

माझं मत थोडं वेगळं आहे. मुलगी पुढे शिकणार असेल, दुडक्या चालीत उठबस करणार असेल, रिकिबीत उभी राहणार असेल, तर मोजून घेतलेलं छोटं सांगाड्याचं जीनच बरं. ट्रीलेसमधे रिकिबीचा पट्टा अडकवायला साच्यासारखी भक्कम जागा नसते, तो पाठीवरून आडवा जातो. स्वार रिकिबीत उभा राहिला की सगळा भार त्या पट्ट्याखालच्या दोन जागांवर. अर्ध्या तासाच्या फेरीला काही होत नाही. रोज तासभर उठबस केली की होतं.

शिवाय ट्रीलेस फिरतं. डाव्या रिकिबीत पाय घालून जमिनीवरून चढलात की सगळं खोगीर डावीकडे येतं. लोक मग तंग आणखी आवळतात आणि घोडीचा श्वास कोंडतो.

---

चामड्याचा_माणूस | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

शिवारफेरींचं दोन्ही बाबतींत बरोबर आहे. दुसऱ्यावर उपाय सोपा आहे, गोव्यात तर फारच सोपा. तीन चिरे एकावर एक रचा आणि त्यावरून चढा. कधीही जमिनीवरून नाही. चढ-उतारासाठी छातीला पेशबंद, म्हणजे आडवा पट्टा, आणि मागे दुमची लावा. गोल तट्टाला दुमचीची गरज जास्त, तुमच्या अरुंद घोडीला चढावर पेशबंदाची.

---

म्हादईकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ९.००

सहा आठवडे झाले. गौळणीवर कोणी बसलं नाही. रोज सकाळी मुलगी आणि मी तिला हातात धरून रानातल्या चढावर नेतो. गाजराच्या कसरती ती आता इतक्या आवडीने करते की मी गोठ्यात शिरले की आपणच मान पायांमधे घालते. कण्याच्या दोन्ही बाजूंना बोट दाबलं तरी पाठ खाली घेत नाही. पुठ्ठ्यावरचे आकार ऑक्टोबरचे आणि आजचे एकावर एक ठेवले, तर मधल्या मापात दोन्ही बाजूंनी थोडी भर दिसते. हे डोळ्यांनी कधीच कळलं नसतं.

पेडण्यातल्या एका ओळखीच्या बाईंनी त्यांचं बेअरफूट वापरून बघायला दिलं, त्यांच्याकडच्या तीन रुंदीच्या कमानींसह. आधी पॅड न घालता नुसतं ठेवून पाहिलं आणि मुलगी क्षणभर बसली. मी पुढून कण्यावर हात सरकवायला गेले तर बोटंही आत जाईनात. डॉक्टरांचं आढं डोळ्यांसमोर आलं. तिला लगेच उतरवलं.

मग पॅड शिवलं. कोल्हापूरहून जाड नमदा मागवला, एक इंचाचा. त्याच्या दोन पट्ट्या कापल्या, कडा तिरप्या केल्या म्हणजे कुठे पायरी राहू नये. सुती कापडाच्या पिशवीत त्या दोन्ही बाजूंना घातल्या, मधे चार बोटं जागा शिवून मोकळी सोडली. सगळ्यात अरुंद कमान लावली आणि मुलगी बसली. हात पुढून मागेपर्यंत गेला, अलगद.

नंतर चाचणी. घरातला जुना पांढरा पंचा धुऊन पाठीवर घातला, त्यावर पॅड, त्यावर खोगीर. त्या सकाळी मुद्दाम खरारा केला नव्हता, अंगावर धूळ होती. वीस मिनिटं सपाटीवर चालवून पंचा काढला. दोन्ही बाजूंना मातीचे लांबट, सारखे ठसे, आणि मधे पांढरी स्वच्छ पट्टी. फक्त डाव्या बाजूला बैठकीखाली ठसा जास्त गडद आहे. घोडी वाकडी चालते की मुलगी वाकडी बसते?

---

पशुवैद्य_फोंडा | २३ नोव्हेंबर, रात्री १०.४०

वाचून फार आनंद झाला. गडद ठशाचं: मुलीची शाळेची पिशवी एका खांद्यावर असते का ते बघा. तिला मागून चालताना पाहा, मग घोडीवर बसलेली मागून पाहा. दोन्हीकडे एकच खांदा खाली असेल तर उत्तर मिळालं. रिकिबींची लांबीही मोजा, डावा पट्टा ओढून लांब झालेला असतो.

उन्हाळ्यासाठी एक सूचना. पॅडखाली निओप्रीन, म्हणजे रबरी फोम, लावू नका, तंगालाही नको. न सरकण्यासाठी लोक वापरतात, पण आपल्या दमट हवेत ते उष्णता कोंडतं. किनारपट्टीवर काही घोड्यांचा घामच हळूहळू बंद होतो. मार्च ते मे तिच्या घामाकडे लक्ष ठेवा. फिरून आल्यावर अंग कोरडं आणि श्वास मात्र जलद दिसला तर थांबवा, पाणी ओता, मला कळवा.

---

म्हादईकाठ | १८ जानेवारी, रात्री ८.३०

उशीर झाला, क्षमस्व. पिशवीच होती. आता दोन्ही खांद्यांवर घेते. डावा पट्टाही अर्धा इंच लांब निघाला. परवा पुन्हा पंचा घातला, दोन्ही ठसे जवळपास सारखे आले.

खोगीर शेवटी वापरलेलं घेतलं, सिंथेटिक, कमान बदलता येणारं, लांबीला सर्वांत आखूड. शेवटच्या फासळीच्या तीन बोटं अलीकडे संपतं. पॅड मी शिवलेलंच. त्याच्या दोन पिशव्या केल्या म्हणजे एक धुता येते. शिवारफेरीदादांचं लक्षात ठेवलंय. मुलगी आठवड्यातून चार दिवस, अर्धा-पाऊण तास बसते, बहुतेक वेळ चालीत. दुडक्या चालीची उठबस थोडीच. पुढच्या वर्षी तिला खरंच शिकायचं असेल तर मोजून छोटं सांगाड्याचं जीन बघू. तोवर आणखी तीन पुठ्ठे जमलेले असतील.

अंगणात तीन चिरे रचले आहेत. गौळण त्यांच्याशेजारी आपणहून येऊन उभी राहते. पांढरे केस आहेत तसेच आहेत. पण काल तंग लावताना मी सवयीने तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती माझ्या पदरातली केळ्याची साल शोधत होती. कान पुढे होते.

---

नवखा_५२इंची | १९ जानेवारी, सकाळी ७.३०

ताई, आमच्याकडे माळेगावच्या यात्रेतून आलेलं तट्टू आहे, मुलगा ३८ किलोचा. आम्ही काणकोणला असतो. तुमच्या पॅडच्या पट्ट्यांची लांबी-रुंदी द्याल का?

---

म्हादईकाठ | १९ जानेवारी, दुपारी २.१०

माझी मापं देते, पण ती तुमच्या तट्टाला लागतीलच असं नाही. आधी घेर आणि लांबी मापून वजन काढा आणि इथे लिहा. मग वायरने तीन आकार घ्या. आमची पट्टी ४५ सेंटिमीटर लांब, १६ रुंद, मधली जागा ७. फेब्रुवारीत मडगावला यायचं आहे, उरलेला नमदा आहे, तो घेऊन येते. दोन पट्ट्या त्यात निघतील.